तुषार संचाची तपासणी करा शेवटच्या नोझलपासून

दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघते, त्याच वावरात हरभरा किंवा गहू पेरला जातो आणि पांढरकवड्याच्या आजूबाजूच्या गावांत घरामागे रचून ठेवलेले काळे पाइप पुन्हा बाहेर येतात. पाइप जोडायचे, मोटार सुरू करायची, स्प्रिंकलर फिरायला लागले की ओलीत सुरू झाले असे समजायचे, ही आपली नेहमीची रीत. पण फिरणारा प्रत्येक स्प्रिंकलर पिकाला पुरेसे पाणी देतोच असे नाही. विहिरीजवळच्या ओळीत हरभरा पिवळा पडतो आणि धुऱ्याकडचा हरभरा पाण्यावाचून खुजा राहतो. हे एकाच वावरात, एकाच दिवशी, एकाच संचाखाली घडते. त्याचे कारण बहुतेक वेळा बियाण्यात किंवा खतात नसून पाइपमधल्या दाबात आणि सांध्यांमधल्या गळतीत असते.

म्हणून या लेखातला मुख्य सल्ला एकच आहे. संचाची तब्येत मोटारीजवळ उभे राहून कळत नाही, ती शेवटच्या नोझलवर कळते. वाटेत जे काही बिघडले असेल, म्हणजे गळके सांधे, घासलेली नोझल, गरजेपेक्षा जास्त स्प्रिंकलर किंवा थकलेली मोटार, त्या सगळ्याचा हिशेब तिथे येऊन जमा होतो. तपासणी तिथून सुरू केली तर दोष शोधायला फार भटकावे लागत नाही.

सोबत काय घ्यावे

फार सामान लागत नाही. ० ते ७ किलोपर्यंतचा एक प्रेशर गेज, तो रायझरवर बसवण्यासाठी एक टी, वीस लिटरची बादली, रबरी नळीचे दोन तुकडे, घड्याळ असलेला मोबाइल, काही जादा रबरी रिंगा, नोझलच्या मापाचा ड्रिल बिट आणि वही-पेन. गेज आतून ग्लिसरीनने भरलेला असेल तर काटा थरथरत नाही आणि आकडा वाचायला सोपा जातो. गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गेज घेतला तरी सगळ्यांचे काम भागते.

मोटार सुरू करण्याआधी

आधी कोरडी पाहणी करा. पाइपच्या टोकाची खोबण बोटाने पुसून घ्या. तिथे मातीचा एक खडा अडकला तरी सांधा गळतो. रबरी रिंग काढून बोटांनी ताणून पाहा. भेगा पडल्या असतील, ती कडक झाली असेल किंवा एका बाजूने चपटी झाली असेल तर बदलून टाका. रिंग बसवताना तिची ओठासारखी उघडी बाजू पाण्याच्या दिशेला हवी. पाण्याचा दाब त्या ओठात शिरून रबर पाइपवर घट्ट दाबतो. रिंग उलटी बसली तर नवी असूनही गळते. पाइप सरकवायला जड जात असेल तर साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते आणि लवकर खराब होते.

क्लॅम्प वाकलेला आहे का, रायझर उभा आणि सरळ आहे का, हेही पाहून घ्या. तिरप्या रायझरवरचा स्प्रिंकलर एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळ पाणी टाकतो. पाइप जोडून झाले की शेवटची एंड कॅप काढून ठेवा आणि दोन-तीन मिनिटे पाणी मोकळे वाहू द्या. वर्षभर पाइपात बसलेली माती, किडे, उंदरांनी नेलेला कचरा बाहेर पडतो. हे न करता सुरुवात केली तर तोच कचरा नोझलमध्ये जाऊन बसतो. मग कॅप लावा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पाणी एकदम सोडले तर पाइपातली कोंडलेली हवा आणि पाण्याचा धक्का यांनी सांधे निसटतात.

दाब कसा मोजायचा

आपण ज्याला 'एक किलोचा दाब' म्हणतो तो दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. साधारण दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी एवढाच दाब देतो. वावरात टकटक करत फिरणाऱ्या नेहमीच्या स्प्रिंकलरला नोझलजवळ २ ते ३ किलो दाब लागतो. तुमच्या नोझलला नेमका किती हवा ते कंपनीच्या पत्रकात दिलेले असते, ते पत्रक सांभाळून ठेवा.

संच सुरू करून दहा मिनिटे थांबा. सगळे स्प्रिंकलर फिरू द्या. मग शेवटच्या रायझरवर टी लावून गेज बसवा आणि आकडा वहीत लिहा. त्यानंतर त्याच लाइनच्या पहिल्या रायझरवर मोजा. जमले तर मधल्या रायझरवरही मोजा. गेजला पिटो नळी जोडलेली असेल तर टी लागत नाही. फिरता हात धरून ठेवायचा आणि नळीचे टोक मोठ्या नोझलच्या तोंडासमोर तीनेक मिलिमीटरवर, धारेच्या बरोबर मध्ये धरायचे.

पहिल्या आणि शेवटच्या नोझलमधल्या दाबाचा फरक साधारण २० टक्क्यांच्या आत असावा, असा तुषार सिंचनाच्या आखणीतला रूढ नियम आहे. पाण्याचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दाबात २० टक्के फरक असेल तर पाण्यात सुमारे १० टक्केच फरक पडतो आणि पीक तेवढा सहन करते. पहिल्यावर २.६ आणि शेवटी २.२ किलो आले तर काळजी नाही. पण पहिल्यावर २.६ आणि शेवटी १.६ आले, तर शेवटचा स्प्रिंकलर पहिल्यापेक्षा सुमारे २२ टक्के कमी पाणी देतो. शिवाय त्याची धार दूर पोहोचत नाही, म्हणून दोन स्प्रिंकलरच्या मधली जमीन आणखी कोरडी राहते.

गेज नसला तरी डोळ्यांनी बरेच कळते. दाब कमी असला की धार फुटत नाही, ती दोरीसारखी सरळ जाते, थेंब मोठे पडतात आणि स्प्रिंकलरभोवती ओल्या मातीचे कडे तयार होते. दाब जास्त झाला की पाण्याचे धुके होते, वाऱ्यावर उडते आणि बरेचसे पाणी रायझरजवळच पडते. फिरण्याचा वेगही पाहा. निरोगी स्प्रिंकलर साधारण मिनिटाला एक फेरा घेतो.

आकडे काय सांगतात

पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आकडे हाती आले की दोष कुठे आहे ते ठरवता येते.

दोन्ही आकडे कमी असतील तर अडचण मोटारीकडे आहे किंवा स्प्रिंकलर जास्त लावले आहेत. बारा मीटरवर बसवलेला नेहमीचा दोन तोंडांचा स्प्रिंकलर अडीच किलो दाबाला सेकंदाला सुमारे अर्धा लिटर पाणी देतो. म्हणजे त्या दाबाला सेकंदाला पाच लिटर देणाऱ्या पंपावर दहा स्प्रिंकलर नीट चालतात. तिथे चौदा लावले तर चौदाही अर्धपोटी राहतात. पंपाचे पाणी मोकळ्या पाइपाखाली टाकी भरून मोजू नका. दाब नसताना पंप जास्त पाणी फेकतो आणि अंदाज चुकतो. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे दोन-तीन रायझर बंद करून पाहणे. दाब लगेच वर आला तर स्प्रिंकलर जास्त होते. तरीही वर आला नाही तर फूट व्हॉल्व्हची जाळी, पंपाचा पंखा आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी तपासा. फेब्रुवारीनंतर पातळी दहा मीटरने खाली गेली, तर एक किलो दाब उपसण्यातच खर्च होतो. त्या दिवसांत कमी स्प्रिंकलरवर काम करावे.

पहिला आकडा चांगला आणि शेवटचा कमी असेल तर वाटेत गळती आहे, लाइन फार लांब आहे किंवा शेवटचे टोक चढावर आहे. आपल्या केळापूर तालुक्यातली बरीच वावरे चढउताराची आहेत. प्रत्येक एक मीटर चढाला दाब ०.१ किलोने घटतो. अशा वावरात मुख्य पाइप चढाच्या दिशेने नेऊन स्प्रिंकलरची लाइन उताराला आडवी टाकली की दोन्ही टोकांचा दाब जवळपास सारखा राहतो.

काटा सारखा हलत असेल आणि नोझल फुरफुरत असतील तर पंप हवा ओढतो आहे. ओढपाइपाचा सांधा सैल आहे किंवा फूट व्हॉल्व्ह पाण्याच्या वर येऊ पाहतो आहे.

गळती शोधताना

पूर्ण दाब आल्यावरच लाइनच्या बाजूने चालत जा. सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत बहुतेक सांधे थोडे ठिबकतात, कारण दाब आल्यावरच रिंग घट्ट बसते. मोटार बंद केल्यावरही पाणी सुटते. त्याला गळती समजू नका.

दहा मिनिटांनंतरही जो सांधा गळतो त्याच्याखाली एक लिटरची बाटली कापून धरा आणि ती किती वेळात भरते ते पाहा. अर्ध्या मिनिटात भरली तर तो एक सांधा तासाला १२० लिटर सोडतो. असे दहा सांधे असतील तर तासाला १२०० लिटर, म्हणजे एका स्प्रिंकलरच्या पाण्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग. आठ तासांच्या विजेत ९६०० लिटर झाले. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४०४७ लिटर. त्या हिशेबाने एकरभर हरभऱ्याला दोन मिलिमीटरहून जास्त मिळाले असते एवढे पाणी नुसते सांध्यांपाशी मुरले.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. काळ्या जमिनीत भेगा बुजल्या की पाणी हळू मुरते. गळक्या सांध्याजवळ डबके साचते, मुळांना हवा मिळत नाही, हरभरा पिवळा पडतो आणि मूळकूज व मर यांना वाट मिळते. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना मोजके पाणी पुरते. त्याला जास्त पाण्याची भीती कमी पाण्याहून मोठी असते.

गळक्या सांध्यांना आधी खडूने खूण करा, मोटार बंद करा आणि मगच हात लावा. दाबाखालचा क्लॅम्प हाताने उघडू नये, तो निसटून तोंडावर येतो. रिंग बदलूनही गळती थांबली नाही तर पाइपाचे तोंड अंडाकृती झालेले असते किंवा कपलरला चीर असते. पाइपालाच चीर असेल तर त्यावर पीव्हीसीचे सोल्युशन लावण्यात अर्थ नाही, काळ्या पाइपाचे एचडीपीई त्याने चिकटत नाही. खराब भाग कापून दोन्ही टोके गरम करून जोडून घ्यावी लागतात. ट्यूबची पट्टी आवळून बांधणे हा त्या दिवसापुरता उपाय आहे. नवे पाइप घेताना त्यावर आयएस १४१५१ ही खूण आणि दाबाचा वर्ग छापलेला आहे का ते वाचा आणि त्या वर्गापेक्षा जास्त दाब देऊ नका.

जमिनीखालची लाइन

विहिरीपासून वावरापर्यंत पुरलेली पीव्हीसी लाइन असेल तर तीही तपासा. पंपाशेजारचा आणि वावरातला असे दोन्ही व्हॉल्व्ह असतील तर लाइन भरून, दाब देऊन दोन्ही बंद करा आणि त्यांच्या मध्ये बसवलेल्या गेजवर पंधरा मिनिटे लक्ष ठेवा. काटा सरळ खाली उतरत गेला तर लाइन गळते आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. आधी व्हॉल्व्ह तपासा, मग खोदायला घ्या. उन्हाळ्यात सगळे वावर भेगाळलेले असताना एकाच पट्ट्यात गवत हिरवे दिसले तर तिथे खोदून पाहा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्या ओढाताणीत सांधे सुटतात. म्हणून पाइप किमान दोन ते तीन फूट खोल, नांगराच्या फाळाच्या खाली असावा आणि त्याभोवती दगडगोटे न टाकता बारीक माती भरावी.

नोझल घासले की फसवते

बोअरच्या पाण्यात वाळू असेल तर ती दरवर्षी नोझलचे भोक थोडे थोडे मोठे करते. ४ मिलिमीटरचे भोक ४.४ झाले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्र २१ टक्क्यांनी वाढते. पाणी जास्त जाते, संचाचा दाब पडतो आणि दोष मोटारीवर येतो. नोझलवर छापलेल्या मापाचा ड्रिल बिट घ्या, त्याची गुळगुळीत बाजू भोकात घालून पाहा. ती सैल हलत असेल तर नोझल बदला.

दुसरी परीक्षा बादलीची. दोन्ही तोंडांवर नळीचे तुकडे सैलसर धरून पाणी वीस लिटरच्या बादलीत घ्या. सेकंदाला अर्धा लिटर देणाऱ्या स्प्रिंकलरखाली बादली चाळीस सेकंदांत भरते. दाब बरोबर असून बादली फार लवकर भरली तर नोझल घासले आहे, उशिरा भरली तर तुंबले आहे. तुंबलेले नोझल साफ करायला तार किंवा खिळा घालू नका, भोक बिघडते. काडी किंवा झाडूची हीर पुरते. स्प्रिंकलरच्या फिरत्या भागालाही तेल देऊ नका. त्याचे वंगण पाणीच आहे, तेलाला माती चिकटून तो अडकतो. खालच्या बाजूने पाणी झिरपत असेल तर वॉशर बदला.

डब्यांची चाचणी

सगळे दुरुस्त केल्यावर पाणी खरोखर सारखे पडते का, हे एकदा मोजून पाहावे. अमेरिकेतले संशोधक जे. ई. ख्रिश्चनसेन यांनी १९४२ मध्ये डबे मांडून पाणी मोजण्याची रीत पक्की केली, आजही जगभर तीच वापरतात. वावरात तिचे सोपे रूप असे करता येते.

एकाच आकाराचे, सरळ भिंतींचे सोळा डबे घ्या. शेजारच्या दोन स्प्रिंकलरच्या मधल्या जागेत, लाइनच्या ज्या बाजूला ती पुढे हलवायची आहे त्या बाजूला, बारा मीटर बाय बारा मीटरच्या चौकात तीन-तीन मीटरवर मांडा. पहिला डबा स्प्रिंकलरपासून दीड मीटरवर असू द्या. संच दोन तास चालवा. डबे न हलवता लाइन बारा मीटर पुढच्या जागी टाका आणि पुन्हा दोन तास चालवा. मग प्रत्येक डब्यात पट्टी उभी धरून किती मिलिमीटर पाणी आहे ते लिहा. सगळ्यांची सरासरी काढा, त्यानंतर सगळ्यात कमी पाणी असलेल्या चार डब्यांची वेगळी सरासरी काढा. सरासरी २० आणि कमीवाल्यांची १५ आली तर समानता ७५ टक्के, काम चांगले आहे. ७० च्या खाली असेल तर दाब, अंतर किंवा नोझल यांत अजून दोष आहे. ही चाचणी वारा शांत असताना, सकाळी लवकर करा.

रात्रीचे ओलीत आणि सौर पंप

ही सगळी तपासणी दिवसाच करावी. आपल्याकडे शेतीची थ्री-फेज वीज पाळीने दिवसा आणि रात्री येते. टिपेश्वर अभयारण्य शेजारी आहे. २०१८ मध्ये पांढरकवडा–राळेगाव पट्ट्यात अवनी वाघिणीमुळे लोकांनी जी भीती सोसली, ती इथे कोणाला वेगळी सांगायला नको. रात्री अंधारात वाकून सांधा शोधत बसणे जिवावर बेतू शकते. दिवसपाळीच्या आठवड्यात संच पक्का करून ठेवला तर रात्रीच्या पाळीत वावरात फिरावे लागत नाही. जावेच लागले तर एकट्याने जाऊ नये, बॅटरी आणि बोलता सोबती असावा.

सौर पंप असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. ऊन कमी झाले की पंपाचा वेग उतरतो आणि दाब वेगाच्या वर्गाने उतरतो. वेग ८० टक्क्यांवर आला तर दाब ६४ टक्केच उरतो. म्हणून सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता असा तीनदा दाब मोजा. बाराला दहा स्प्रिंकलर नीट चालत असतील तरी दहा आणि तीन वाजता कदाचित सहाच चालतील. त्याप्रमाणे रायझर बंद-सुरू करा.

विजेची तार किंवा डीपी धारेच्या टप्प्यात येणार नाही अशीच लाइन टाका. मोटारीचे अर्थिंग दर हंगामात तपासून घ्या.

घराभोवतीच्या हिरवळीसाठी

गावात घरापुढे छोटी हिरवळ आणि जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर असतील तर तत्त्व तेच. छतावरची टाकी सहा मीटर उंच असेल तर खाली जेमतेम ०.६ किलो दाब मिळतो, आणि या स्प्रिंकलरना साधारण दोन किलो लागतो. त्यामुळे छोटा पंप लागतोच. गळती पाहायला घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी पाणी जाते आहे. संच बंद असतानाही सगळ्यात खालच्या स्प्रिंकलरपाशी रोज चिखल दिसत असेल तर व्हॉल्व्हच्या पडद्यात कचरा अडकला आहे, तो उघडून धुवा.

वहीत नोंद ठेवा

हंगाम संपला की रिंगा काढून, धुऊन, सावलीत ठेवा. पाइप सावलीत, बांबूच्या मांडवावर उंच रचा म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत आणि उन्हाने पाइप कडक होणार नाहीत. तारीख, विहिरीतली पाण्याची पातळी, चालू स्प्रिंकलर, पहिल्या आणि शेवटच्या नोझलचा दाब, बदललेल्या रिंगा आणि नोझल एवढे एका पानावर लिहा. पुढच्या वर्षी हेच आकडे शेजारी ठेवले की संच कुठे घसरतो आहे ते नुकसान होण्याआधी कळेल. अडले तर पांढरकवड्याच्या तालुका कृषी कार्यालयात किंवा यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात ही वही घेऊन जा. आकडे समोर असतील तर तिथला माणूस तुम्हाला नेमका उपाय सांगू शकेल. या रब्बीत पहिले पाणी देण्याआधी एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवा आणि सुरुवात शेवटच्या नोझलपासून करा.